पासवर्डवाले गोरक्षनाना

“सर, तोंड भिताडाकडं,” गोरक्ष म्हणाला.

हेडमास्तर ढाकणे मुकाट्यानं वळले. समोर शाळेचं वेळापत्रक टांगलेलं होतं. ते त्यांनीच केलेलं, तरी वाचू लागले. छबूबाई शिपाईणीनं कुणाच्या तरी सत्कारातली उरलेली शाल खुर्चीमागं अंतरपाटासारखी धरली. मंगलाष्टकं तेवढी बाकी होती. शालीआड गोरक्ष एका बोटानं आठ अक्षरं दाबत होता. एकेक अक्षर हुडकावं लागायचं, म्हणून सरांचं वेळापत्रक दोनदा वाचून व्हायचं.

“झालं का?”

“झालं. वळा.”

संगणक उघडला होता.

गोरक्ष खरं तर प्रयोगशाळेतला नोकर. एकवीस वर्षं परीक्षानळ्या धुण्यात आणि ‘ए’ एवढ्या हाकेवर काढली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. शाळेमागच्या खोलीत एकटाच राहायचा. सुट्टी आली की दिवसभर तोंड उघडायचं काम पडायचं नाही.

सत्त्याण्णव साली शेवगाव रोडवरच्या या शाळेत दोन संगणक आले. बसवणारा पुण्याचा माणूस नेमका संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नादिवशी उगवला. अख्खी शाळा शिर्डीला जेवायला गेलेली. राखणीला गोरक्ष. माणसाला परतीची एसटी गाठायची होती. त्यानं गोरक्षच्याच कानात पासवर्ड सांगितला. “यात पोरांचे मार्क राहणार. कुणालाही सांगायचं नाही,” म्हणाला आणि पळाला.

दुसऱ्या दिवशी ढाकणे सरांनी पासवर्ड मागितला.

“कुनालाबी सांगू नको म्हनलाय त्यो.”

“अरे, मी हेडमास्तर आहे!”

“तुमीबी कुनीतरी हायेच की, सर.”

त्या दिवसापासून ‘ए’चे गोरक्षनाना झाले.

एक संगणक प्रयोगशाळेत, दुसरा ऑफिसात. दोघांना जोडणारी तार अंगणावरून गेलेली. छबूबाईनं तिच्यावर फडकी वाळत घातली, तर नाना ओरडत आले, “काढा ती! मार्क वले हुत्याल!” तेव्हापासून पावसाळ्यात सरही आभाळाकडं बघून मगच मार्क पाठवायला सांगायचे.

संस्थेला रविवारीसुद्धा कसली ना कसली यादी लागायची. मग छबूबाई दारात येऊन हाक मारायची, “नाना, चला, तुमच्यावाचून अडलंय.” नाना सकाळी सातपासून इस्त्रीचा सदरा घालून ही हाक ऐकायला बसलेले असायचे. केडगावला भाच्याचं लग्न होतं, तिकडंही गेले नाहीत. “शाळा बंद पडंल,” असं कळवलं.

दोन वर्षांनी नगरहून तपासणीला साहेब आले.

“संगणकाच्या सुरक्षिततेची काय व्यवस्था?”

“हे काय, गोरक्षनाना,” ढाकणे सर अभिमानानं म्हणाले.

साहेब खुर्चीत बसले. यंत्रानं पासवर्ड विचारला.

“सायेब, उठा. तोंड भिताडाकडं.”

सर सवयीनं आधीच वळले होते. छबूबाईनं शाल उलगडली. साहेबांनी या तिघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि डाव्या कोपऱ्यातली सगळ्यात वरची कळ दाबली. पासवर्डची चौकट गेली. संगणक उघडला.

“तुमाला कुनी सांगितला?” नानांनी विचारलं.

“कुणी नाही. हा विचारतो हो, पण नाही सांगितलं तरी चालतं.”

ढाकणे सर हळूहळू वळले. “म्हंजे दोन वर्षं मी हितं काय...”

साहेब डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. छबूबाई शाल तोंडात कोंबून हसली.

“आज बिघडलं असंल,” नाना म्हणाले. “येकदा बंद करून बघा ना, सायेब.”

साहेबांनी बंद करून बघितलं. उघडला. मग ढाकणे सरांनी स्वतः ती कळ दाबून बघितली. उघडला. सरांना मजा वाटली, त्यांनी आणखी एकदा दाबली.

अहवालात साहेबांनी लिहिलं, “खोलीस कुलूप लावावे.” कुलूप आलं. किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगली. पासवर्ड काय होता, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

रविवारी नाना सदरा घालून बसले. नऊच्या सुमाराला छबूबाई रस्त्यानं येताना दिसली. नानांनी लगबगीनं स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं आणि चपला पायात सरकवल्या. ती दारावरून तशीच पुढं निघाली.

“अवं छबूबाई! यादी हाय ना?”

“व्हय, संस्थेला पायजे.”

“मग मी येतो की.”

“कशाला उगं? सर बसल्यात की. त्यास्नी लई नाद लागलाय त्याचा.”

“च्या तरी घेऊन जावा. उकळलाच हाय.”

“नगं, नाना. उशीर हुतोय.”

ती वळणाआड गेली. नाना आत आले, स्टोव्ह विझवला. चहा दोघांचा झाला होता. त्यांनी तो एकाच ग्लासात ओतला. ग्लास इतका काठोकाठ भरला की उचलला असता तर सांडला असता. नानांनी तो ओट्यावर तसाच राहू दिला, डाग पडू नये म्हणून सदरा एका हातानं पोटाशी धरला आणि वाकून ग्लासाला तोंड लावलं.