बापाची सही

शाळेच्या कचेरीतल्या कारकुनाला मुलं शिक्केमामा म्हणत. शिक्का मारताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे, ते स्वतःच्या लग्नातही पसरलं नसेल. त्याने घारीचा शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज चष्म्यावरून पाहिला आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे वडिलांची सही."

"खाली मावशीने केलीय ना. पाच वर्षं तीच सांभाळते आम्हाला."

"मावशी चालत नाही. वडील हयात आहेत ना?"

"आहेत. तोच तर घोटाळा आहे."

शिक्केमामा हसला नाही. हसणं नियमात नव्हतं. घारीच्या आईला तिच्या बापानेच मारलं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, शिक्केमामालाही. पण बायकोचा जीव घेतला की पालकपण जातं, असं त्याच्या वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

घारीला दुसऱ्या शहरातल्या तांत्रिक शाळेत जागा मिळाली होती, वसतिगृहासकट. मुदत शुक्रवारपर्यंत. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, यापेक्षा मोठं शिक्षण तिला नको होतं. इथे वाण्याच्या दुकानातही लोक तिच्याकडे बघून म्हणत, "डोळे अगदी बापाचे हो!" जणू बक्षीस लागलंय. आणि वर मावशीला धीर देत, "मुलांचं काय, मुलं विसरतात." विसरतात तर! धाकटा भाऊ दहा वर्षांचा झाला, तरी ताटली पडली की टेबलाखाली शिरून शंभरपर्यंत मोजतो. आईने त्याला शेवटचं तेवढंच सांगितलं होतं.

मावशी पडदे शिवायची. एका दिवसाची शिलाई बुडवून ती तुरुंगात गेली आणि संध्याकाळी सही घेऊन आली. सोबत अटही आणली.

"केली मेल्याने. पण म्हणतो, पोरीचं पत्र हवं. 'बाबा, मी तुम्हाला माफ केलं.' एवढंच. सुटकेच्या अर्जाला जोडायचंय त्याला. रविवारपर्यंत पोचलं नाही, तर तुझ्या शाळेला लिहून परवानगी मागे घेणार."

"आत जाऊन सुधारलाय म्हणत होते ना सगळे?"

"सुधारलाय की. आधी हात उगारायचा, आता पेन उगारतो."

घारीने जेवणाआधी पत्र लिहून टाकलं. कागदाच्या डोक्यावर एक ओळ, खाली सगळं कोरं. धाकट्याने ते वाचलं.

"ताई, हे खरं आहे?"

"नाही रे. तिकीट आहे माझं."

"मग मी मोठा झालो की मलापण लिहावं लागेल?"

घारीने त्याच्या हातातून कागद काढून घेतला. तिने पत्र दप्तरात टाकलं.

गुरुवारी शिक्केमामाने प्रवेशाची जुनी नोंदवही काढली. एक डोळा वहीवर, एक अर्जावर.

"जुळत नाही."

"म्हणजे?"

"नमुन्याच्या सहीला हे एवढं शेपूट आहे. जुन्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवरही हेच. तुझ्या अर्जावर शेपूटच नाही. ही सही खोटी."

"अहो, त्यांनी स्वतः केलीय! तुरुंगाचा शिक्का बघा."

"शिक्का सुरेख उमटलाय. पण तो मी मागितलाच नव्हता. सही जुळायला हवी."

घारीने वहीत डोकावलं, आणि तिला ओट्याशी उभी असलेली आई दिसली. बाप शाळेची पायरी कधी चढला नव्हता. प्रगतिपुस्तक दिसलं की पट्टा काढायचा, म्हणून आई ते त्याच्या नजरेलाच पडू देत नसे. पिठाच्या कागदी पिशवीवर दोनदा गिरवायची आणि मग त्याची सही ठोकून द्यायची. शेपूट काही तिला आवरत नसे. "तुझा बाप एवढा ऐसपैस असता तर!" म्हणून हसायची.

म्हणजे इतकी वर्षं शाळेच्या लेखी बाप होती ती आईच.

"मामा, उद्या त्यांनी याच सहीने लिहून काही कळवलं, परवानगी काढून घेतो वगैरे, तर?"

"केराची टोपली! न जुळणाऱ्या कागदाला मी हात लावत नाही."

माणसाचा बथ्थडपणाही कधी कुणाच्या उपयोगी पडतो.

"कोरा अर्ज द्या एक," घारी म्हणाली.

बाहेरच्या बाकावर बसून तिने दप्तरातून पत्र काढलं. कोरी जागा भरपूर होती. पहिली सही आखडली, थेट बापाची झाली. तिने ती खोडली. दुसरीचं शेपूट अर्ध्यातच अडलं. तिसऱ्या वेळी मनगट आपोआप वळलं, आईचं वळायचं तसंच, आणि शेपूट कागदाच्या कडेपर्यंत पळालं. तिने डोळे पुसले, शाईवर थेंब पडू नये म्हणून, आणि अर्ज पुढे ओढला.

ती दहा मिनिटांत आत परतली. तुरुंग तिथून दोन तासांवर होता. पण घड्याळ बघणंही नियमात नव्हतं. शिक्केमामाने सही वहीशी ताडून पाहिली, मान डोलावली.

"बघ, मन लावून केली की होते माणसाच्या हातून." आणि शिक्का मारला.

घरी धाकटा दारातच उभा होता.

"पाठवलंस पत्र?"

घारीने कागद त्याच्या हातात दिला. "वरची ओळ सोडून दे. खालची तिसरी गिरवून ठेव. तुला लागेल पुढे."

तो टेबलाशी बसला, पेन्सिलीला टोक काढलं, जीभ बाहेर काढून पहिलं अक्षर वळवलं.

"ताई, शेपूट केवढं काढू?"

"कागद संपेपर्यंत."