नावाड्यांची भाषा

त्या दुपारी वहिनींना मिळण्यासारखं होतं काय? एक चहा, थंडगार खोलीतली गुबगुबीत खुर्ची आणि दिराची मर्जी. पैकी मर्जी आधीपासूनच त्यांच्याकडे होती, म्हणजे निव्वळ नफा चहाचा आणि खुर्चीचा. तेवढ्यासाठी पाळणाघरातल्या कामावरून अर्ध्या दिवसाची रजा काढून त्या आल्या होत्या आणि मोठ्या पडद्यासमोर बसून विचारत होत्या,

"भाऊजी, हे बटण दाबलं तर काही फुटणार नाही ना?"

"वहिनी, मला बोलायची परवानगी नाही," भाऊजी मागच्या खुर्चीवरून म्हणाले.

"हे बोललात की!"

बाजूला बसलेल्या मॅडम हसल्या. ऑफिस त्यांचं. कोड्यांचे गेम बनवायचं. नव्या गेममध्ये एक ओसाड बंदर होतं, त्यात तीन दारं आणि प्रत्येक दाराआड वेगळी भाषा बोलणारे लोक. खेळणाऱ्याने बघत राहायचं, कोण कोणाला काय देतो, कोण कशावर चिडतो. त्यावरून चिन्हांचे अर्थ ताडायचे आणि एकेक चिन्ह त्याच्या अर्थापुढे नेऊन ठेवायचं. बरोबर लागले की दार उघडतं.

तिन्ही भाषा भाऊजींनी मनाने रचलेल्या. पहिल्या दोन नुसत्या पगारासाठी. तिसरी, नावाड्यांची, जीव ओतून. हे नावाडी रात्री लांबून कंदील झाकून-उघडून बोलत. अर्थ उजेडात नव्हताच, मधल्या अंधारात होता. फार सुंदर, असं सगळे म्हणत आणि कुणालाच ती सुटत नसे.

असा गेम तपासायला कोरा माणूस लागतो, म्हणजे ज्याने तो आधी पाहिलेला नाही असा. एकदा खेळला की तो वापरला गेला, पुन्हा कामाचा नाही. ऑफिसने मित्र, मित्रांचे मित्र, समोरचा न्हावीसुद्धा वापरून संपवला होता. सगळे तिसऱ्या दाराशी हात टेकून उठले. आज बोलावलेला माणूस तापाने आडवा झाला. गेम बाजारात न्यायची तारीख तोंडावर आली होती आणि मॅडमनी बजावलं होतं, आज दार उघडलं नाही तर तिसरी भाषा काढून टाकायची. तेव्हा भाऊजींनी वहिनींना फोन लावला. त्यांच्याइतकं कोरं माणूस शोधून सापडलं नसतं. त्या गजरसुद्धा दुसऱ्याकडून लावून घेत.

नियम एकच होता. बनवणाऱ्याने मागे बसून बघायचं. हूं की चूं करायचं नाही.

"हा मिशीवाला रुसलाय," वहिनी पहिल्या दाराशी म्हणाल्या. "आमच्याकडे एक आहे असा. हातात चेंडू दिला नाही की खांबासारखा उभा. म्हणजे हे चिन्ह 'नको'चं. बरोबर की नाही? अहो, तुम्हाला विचारत नाहीये, मिशीवाल्याला विचारतेय."

पहिलं दार उघडलं. बऱ्याच वेळाने, दोनदा चहा मागवून, दुसरंही उघडलं.

मग पडद्यावर रात्र झाली. काळं पाणी आणि लांबवर लुकलुकणारे कंदील. वहिनींची बडबड थांबली. त्या एकेक चिन्ह उचलत, एका जागी नेत, थांबत. परत उचलून दुसरीकडे नेत, पुन्हा थांबत. खोलीत कुणी खुर्चीसुद्धा हलवेना. आणि तिसरं दार उघडलं.

टाळ्या झाल्या. कुणीतरी शिट्टी मारली. भाऊजी उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले.

"वाचवलंस, वहिनी!"

"थांबा हं, एक रीत राहिली," मॅडम म्हणाल्या. "ताई, हे तुम्हाला कसं उलगडलं, ते तुमच्या शब्दांत सांगायचं."

इथे 'असंच सुचलं' म्हणाल्या असत्या तर काम फत्ते होतं. वहिनींनी दिराकडे पाहिलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हे भाऊजी हाफपँटमध्ये होते आणि मोजकंच बोलत. वहिनींनी त्यांना 'अहो-जाहो' करत वाढवलं आणि उरलेलं सगळं चेहऱ्यावरून समजून घेतलं. भूक, ताप, नापास झाल्याचं, सगळं.

"मला त्या नावाड्यांचं काही म्हणता काही कळलं नाही," वहिनी म्हणाल्या. "पडदा काळा झाला ना, त्यात मागे बसलेले भाऊजी दिसायला लागले, आरशात दिसावेत तसे. चुकीचं चिन्ह ठेवलं की खालचा ओठ दातात. बरोबर ठेवलं की सुटला ओठ."

"वहिनी, अगं काहीतरीच काय!"

मॅडम वहिनींच्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांनी रात्र पुन्हा लावली. काळ्या पाण्यावर भाऊजी लख्ख दिसत होते, ओठ दातात धरलेले.

चाचणी रद्द झाली, भाषाही.

जिन्यात भाऊजी फुटले. "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? माझ्यासाठी एवढंही नाही जमलं?"

"आणि उद्या हा गेम विकत घेऊन कुणी आपल्या घरी खेळायला बसेल, त्याच्या मागे कोण बसणार? तुम्ही?"

भाऊजी पाठ फिरवून वर गेले. वहिनी खाली उतरल्या. डोळे पुसायला त्यांनी रस्त्याच्या वळणापर्यंत वाट पाहिली, एवढं मात्र नोंदवायला हवं.

आता शेवटचा हिशेब. ऑफिस बुडालं नाही. दोन दारांचा गेमही बरा चालला. मॅडमनी नवा नियम केला की मागे बसणाऱ्याचं तोंडच नव्हे, चेहराही गप्प हवा. भाऊजींनी एक भाषा गमावली खरी, पण वहिनींचा प्रश्न लक्षात ठेवून पुढची अशी रचली, की कोरी माणसं एकटी बसून ती सोडवू लागली. नवा नियमही त्यांनी इतका मनावर घेतला, की त्यांच्यासारखा मख्ख चेहरा ठेवणारा दुसरा कुणी ऑफिसात उरला नाही.

राग ओसरल्यावर ते जेवायला आले. वहिनींनी वाढलं आणि समोर बसल्या.

"भाजी खारट झालीय का हो?"

"नाही गं. छान आहे."

वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग स्वतःच्या ताटात थोडी भाजी घेऊन चाखली.

खारट होती.