शनिवारचा भुतांचा तास

दंगलीनंतरच्या दुसऱ्या वर्षी नेरूळच्या त्या शाळेत नववीच्या वर्गात बरीच मुलं नवीन होती. कुणी मुंबईतलं घर सोडून आलेलं, कुणाला नातेवाइकांकडे आणून ठेवलेलं. सुचिता भोईर त्यांना मराठी शिकवायची. ती बोनकोड्याची, नोकरीला लागून थोडीच वर्षं झालेली. मुलं तिच्याशी मोकळेपणानं बोलत, म्हणून शनिवारचा अवांतर वाचनाचा तास मुख्याध्यापकांनी तिच्याकडे दिला होता.

भुताच्या गोष्टी वाचायची मागणी प्रीतमची. तो उरणजवळच्या मोऱ्याचा. बापाची होडी वादळात गेली, तेव्हापासून इथे आत्याकडे राहत होता.

"भुताच्याच कशाला रे?" सुचितानं विचारलं.

"भुताची गोष्ट वाचली का रातच्याला भूत दिसतं," तो खाली बघत म्हणाला. "मंग बाबा नाय दिसत."

पुढच्या शनिवारपासून ती भयकथा वाचून दाखवू लागली. एरवी चुळबुळ करणारी मुलं श्वास रोखून ऐकायची. लेखक काय लपवतो, कुठं मुद्दाम रेंगाळतो, एखादा साधा आवाज नेमका कुठं टाकतो, हे ती फळ्यावर मांडायची. मुलं स्वतः लिहायला लागली, एकमेकांना घाबरवायला लागली आणि हसायलाही लागली. सुचिताला वाटलं, आपल्याला काहीतरी सापडलंय.

मग तिनं ती दाराची गोष्ट निवडली. घरात एक बाई आणि तिची दोन मुलं. नवरा परगावी गेलेला. आणि बाहेरून त्याचा आवाज येतो, दार उघड. बाई उठते, कडीवर हात ठेवते, तिथेच गोष्ट संपते.

तिसऱ्या बाकावरची शायमा उभी राहिली. तिचे वडील दंगलीत गेले, एवढंच शाळेला माहीत होतं. आई आणि धाकट्या भावाबरोबर ती कासिममामूंकडे राहायची. वर्गात स्वतःहून कधी बोलत नसे.

"दार उघडल्यावर काय झालं?"

"ते लेखकानं सांगितलेलं नाही. तो आपल्याला विचार करायला..."

"म्हणजे त्याला माहीत नाय."

ती बाकातून बाहेर आली आणि वर्गाचं दार लावून तिनं कडी घातली. मग एकेक खिडकी बंद करत गेली. सुचितानं हाक मारली, ती वळली नाही. भर दुपारी वर्गात अंधारून आलं. मागे कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. शायमा जागेवर येऊन बसली, दाराकडे बघत.

तेवढ्यात दार वाजलं.

शायमानं शेजारच्या जयमालाला बाकाखाली ओढलं आणि दोन्ही तळव्यांनी तिचं तोंड दाबून धरलं. सुचिताला आधी वाटलं, पोरी घाबरून बिलगल्यात. मग जयमालाच्या टाचा फरशीवर आपटताना दिसल्या. ती धावली. शायमाची बोटं निघता निघेनात. एवढ्याशा मुलीत एवढी ताकद कुठून आली, कळत नव्हतं. आणि शायमा जयमालाच्या कानाशी एकसारखी पुटपुटत होती, "आवाज नको. आवाज नको, रायान."

दार पुन्हा वाजलं, जोरात. "बाई, दार उघडा."

तो शाळेचा शिपाई नामा होता. रोज ऐकलेला आवाज. तरीही क्षणभर सुचिताची खात्री पटली, की हा नामा नाही. प्रीतमनं येऊन शायमाचं एक मनगट धरलं, तेव्हा कुठं जयमाला सुटली. तिच्या गालांवर बोटांचे लाल वळ उठले होते. दार उघडायला कुणीच जाईना. शेवटी सुचितालाच जावं लागलं. बाहेर नामा सूचनांची वही घेऊन उभा होता.

मुख्याध्यापकांनी तो तास त्याच दिवशी बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुचिता शायमाच्या घरी गेली. दार ठोठावायला हात उचलला आणि तसाच राहिला. आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो तिच्या पावलांनी थांबला होता. दारापलीकडे कुणीतरी श्वास धरून उभं आहे, हे तिला स्पष्ट जाणवलं. आज बाहेरचं माणूस आपण आहोत, हे लक्षात येऊन तिनं हात खाली घेतला.

"मी सुचिता," ती हळू बोलली. "शायमाच्या शाळेतली बाई. एकटीच आहे."

एकामागून एक कड्या निघाल्या. शायमाच्या आईनं, शमसुन्निसांनी, तिला आत घेतलं. कपाटाच्या कडेला एक लहान मुलगा उकिडवा बसला होता.

"हा रायान. त्या दिवसापासून बोलत नाही," शमसुन्निसा म्हणाल्या. "मी उरणला माहेरी होते. ही दोघं माळ्यावर लपलेली. शेजारच्यानं हाक मारली, रोज कॅरम खेळायला यायचा तो. नाव घेऊन बोलावलं. ओळखीचा आवाज, म्हणून मुलांच्या अब्बांनी कडी काढली. त्याच्या मागे बाकीचे होते."

"मी रायानचं तोंड दाबलं होतं," शायमा आतल्या दारातून म्हणाली. "ते गेले तरी सोडलं नाय. माझ्यामुळं त्याचा आवाज गेला."

"डॉक्टर बोलले ना, असं नसतं म्हणून?" शमसुन्निसा थकलेल्या आवाजात म्हणाल्या. हे त्यांनी पुष्कळदा सांगितलं असणार.

सुचितानं माफी मागितली. तास बंद झालाय, पुन्हा असं होणार नाही, म्हणाली.

"बंद नका करू, बाई," शायमा म्हणाली. "ती गोष्ट खोटी आहे. मला खरी लिहायचीय. फक्त नको वाटलं की थांबता आलं पाहिजे."

सुचितानं मुख्याध्यापकांना प्रीतमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, शायमाचंही. अखेर पालकांची संमती घ्यायची आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या, या अटीवर त्यांनी होकार दिला. सुचितानं आपली एक अट घातली. कुणीही 'थांबा' म्हटलं की वाचन थांबेल, आणि का ते कुणी विचारणार नाही.

पहिल्या शनिवारी शायमानं आपल्या गोष्टीच्या दोन ओळी वाचल्या आणि स्वतःच 'थांबा' म्हणाली. पुढच्या शनिवारी थोडं पुढं गेली. आपण या पोरीची जखम भरतोय की उकरतोय, हे सुचिताला सांगता आलं नसतं.

एका शनिवारी शायमा रायानला घेऊन आली. शमसुन्निसा त्याच्यासोबत मागच्या बाकावर बसल्या. शायमानं वाचायला सुरुवात केली. माळ्यावरची मुलगी. खालून आलेली हाक. वडिलांच्या चपलांचा आवाज दाराकडे जाणारा.

रायान उठला. बाकांमधून चालत तो फळ्यापाशी गेला, टाचा उंचावल्या आणि बहिणीच्या तोंडावर हात ठेवला.

कुणी हललं नाही. त्याचा हात काढावा की राहू द्यावा? सुचिता अर्धवट उठून तशीच उभी राहिली. शायमाच्या नाकातून येणारा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. मग शायमा गुडघ्यांवर बसली, त्याला हात ताणावा लागू नये म्हणून. ती त्याच्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं त्याची बोटं सैल झाली.

"पुढं वाचू?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. नको.

"बरं." तिनं कागदाची घडी घातली.

ती गोष्ट वर्गात कधीच पुरी वाचली गेली नाही. परीक्षा संपताना शमसुन्निसा शाळेत आल्या आणि रायाननं पाणी मागितलं म्हणून सांगून रडल्या. तासामुळं की नुसते दिवस गेल्यामुळं, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि सुचितानंही श्रेय घेतलं नाही. दहावीत शायमानं खाडीतल्या एका हडळीची गोष्ट लिहिली, इतकी भयंकर, की प्रीतमनं मध्येच 'थांबा' म्हटलं आणि ती खूश झाली. जयमाला मात्र त्या बाकावर पुन्हा बसली नाही. शनिवारी ती दाराजवळची जागा धरायची, आणि सुचितानं तिला कधी आग्रह केला नाही.