कृष्णाबाईंनी न धुतलेला फिल्टर

मित्रांनो, मी एक मळका फिल्टर आहे, आणि मळका आहे याचाच मला अभिमान आहे. वसईजवळच्या चांदीप गावातल्या एका वाडीत, वांग्याच्या आळ्याशेजारी, मला पुरण्यासाठी खड्डा खणणं चालू आहे. तोवर माझी हकिगत ऐका.

माझा जन्म २००८ साली मुंबईतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाला. कोळंबीच्या सालींतून काढलेला अर्क आणि मक्याचं सत्त्व यांचं घट्टसर मिश्रण तिथे संशोधन करणाऱ्या विनयाने इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरलं आणि सुईला विजेचा जबर दाब दिला. टोकावरचा थेंब खाली पडायचं सोडून हवेत ताणत गेला, केसाहूनही कितीतरी बारीक धागा झाला आणि समोर फिरणाऱ्या कापडावर जाऊन बसला. असे धागे साचत साचत मी तयार झालो. मी मुळातच भारी चौकस. हे सगळं कशासाठी, असा प्रश्न मला जन्मतःच पडला.

उत्तर होतं जयरामकाका. विनया त्यांची पुतणी, आचोळे गावात राहणारी. काका चांदीपला राहत आणि वसईच्या एका गाळ्यात स्टीलची भांडी पॉलिश करत. तिथली काळी धूळ तोंडाला बांधलेल्या रुमालाला जुमानत नसे. विहिरीवरून बादली आणली तरी काकांना धाप लागे, खोकल्याची उबळ येई. म्हणून विनयाचा हा खटाटोप: बारीक धूळ अडवील, आणि काम संपल्यावर प्लास्टिकसारखा उकिरड्यावर पडून न राहता मातीत मिसळून जाईल असा फिल्टर. तो मास्कच्या खिशात सरकवायचा आणि मळला की पुरायचा.

माझी थोरली भावंडं, म्हणजे माझ्याआधी बनलेले फिल्टर, काकांकडे चांदीपला गेली. महिना उलटला, पण काकांचा खोकला हटेना. उलट वाढलाच. एका रविवारी विनया मला डब्यात घालून तिथे आली. तिने वापरातले फिल्टर पाहिले आणि बुचकळ्यात पडली. मीही डब्यातून बघत होतो. दिवसभर काळ्या धुळीत राहून ही मंडळी पांढरीशुभ्र कशी?

"पोरी, तुज्या फिल्टरपेक्षा माजा रुमाल बरा," काका म्हणाले. "उद्यापासून तोच बांधनार."

"ह्यांना कायबी द्या, नावंच ठेवनार," चहा घेऊन आलेल्या कृष्णाबाई काकी म्हणाल्या. "मी येवढी निगा राखते. रोज साबन लावून धुते, दोरीवर सुकवते."

विनयाचा हात कपापाशीच थांबला. "काकी, तू फिल्टर धुतेस?"

"मग? मळका कसा लावायचा तोंडाला?"

त्या घरात दुधाची पिशवीसुद्धा धुऊन वाळवत. मळला की पुरून टाक, असं विनयाने सांगितलं होतं खरं, पण काकी तो मळूच देत नव्हत्या. श्वासाच्या ओलाव्याला आमचे धागे दाद देत नाहीत. साबणाच्या पाण्यात चोळले की मात्र सुटून वाहून जातात, आणि मागे उरतं नुसतं कापड. महिनाभर काका स्वच्छ मास्क लावून ती धूळ छातीत घेत होते.

विनयाने मला बाहेर काढलं. "काका, फक्त एक आठवडा हा लावा. काकी, याला पाणी लावायचं नाही." काका नाखुशीनेच तयार झाले.

मग मला धूळ भेटली. बारीक, चिवट, घुसखोर. ती येत राहिली आणि मी तिला धरून ठेवत राहिलो. खरं सांगतो, असं काम करताना मला फार आनंद झाला.

शनिवारी काकांनी मला काढून काकींच्या तळहातावर ठेवलं. मी काळाकुट्ट झालो होतो. काकींनी माझ्यावरून बोट फिरवलं.

"येवढी एका हप्त्याची?"

"हां."

काकींनी बोटाला लागलेली काळी धूळ पदराला पुसली. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे मी धुवून धुवून ही तुमच्या छातीत घातली."

"तुला कुठं ठावं व्हतं?" काका म्हणाले. "उद्या विनयाला सांग, अजून फिल्टर दे म्हनावं."

खड्डा झाला वाटतं. मातीत गेल्यावर काय होतं, गांडुळं मला खातील का, वांग्याला माझी चव लागेल का, हे पाहायची मला फार उत्सुकता आहे. जाता जाता एकच मागणं, मित्रांनो. कोणतीही वस्तू जपण्याआधी ती कशासाठी केली आहे, हे विचारून घ्या. मला मळू द्यायचं होतं. जपायचं होतं ते काकांना.