वाटेतली खोली

सिस्टर आणि मोजणीसाहेब यांचं बावीस वर्षांत एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं : दोघांच्या मधली भिंत हवीच.

सिस्टर म्हणजे मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. मोजणीसाहेब म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधले, जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळी इमारत दोघांना याच नावांनी ओळखायची. भांडण सुरू झालं ते एका खिळ्यावरून. सिस्टरांनी घड्याळ टांगायला खिळा ठोकला आणि पलीकडे गिलाव्याचा पोपडा पडला, तोही नेमका साहेबांच्या इस्त्री केलेल्या शर्टांवर. दुसरा कोणी असता तर बेल वाजवून चार शब्द सुनावून गेला असता. साहेबांनी पोपड्याची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून लेखी तक्रार पाठवली. सिस्टरांनी उलट लिहिलं, की एवढ्याशा जखमेला आमच्याकडे टाके घालत नाहीत. तिथून जी जुंपली ती जुंपलीच. चिठ्ठ्या नेण्या-आणण्याचं काम इकडच्या मुलाकडे आणि तिकडच्या मुलीकडे असायचं. त्या नेता-नेता त्या दोघांचं जमलं, लग्न झालं, आणि तोंडं वाकडी करत का होईना, या दोघांना व्याही-विहीण व्हावं लागलं.

आता लग्नाला आठ वर्षं झाली होती, नात सहा वर्षांची होती, आणि मुलगा-सून राहत होते त्या घराच्या मालकाने घर सोडायला सांगितलं होतं. इकडे सिस्टर एकट्या, तिकडे साहेब एकटे. सुनेने दोघांना एकत्र बसवून सांगितलं, "आपण दोन्ही फ्लॅट एक करू या. मधली भिंत पाडू. सगळे मिळून राहू."

सिस्टर नाही म्हणाल्या नाहीत. नातीवर त्यांचा जीव होता. तिच्यासाठी या माणसाचं तोंड रोज पाहायचीही त्यांची तयारी होती. त्यांनी फक्त एक अट घातली. "माझ्या झोपायच्या खोलीला कुणी हात लावायचा नाही."

या अटीचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. पण सिस्टरांचं सगळं त्या खोलीतच होतं. माहेरी सहा भावंडं एका खोलीत. शिकताना वसतिगृहात चौघी. लग्नानंतर सासूच्या खाटेपासून दोन हातांवर, मध्ये एक पडदा. नोकरीत तर बोलायलाच नको, बत्तीस वर्षं वॉर्डात, चहाचा कपसुद्धा कधी निवांत संपवला नाही. नवरा गेला, मुलगा वेगळा राहायला गेला, तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई पहिल्यांदा आतून कडी लावून बसल्या. दुपारी दोन ते चार. झोपायच्या नाहीत, वाचायच्याही नाहीत, नुसत्या बसायच्या. त्या दोन तासांत भूकंप झाला असता तरी त्यांनी कडी काढली असती की नाही, शंकाच आहे.

इंजिनियर बाई भिंत बघायला आल्या त्या दिवशी सिस्टर डोळे तपासायला गेल्या होत्या. परत आल्या तर काम उरकलेलं. नकाशा काढायचं साहेबांनी आपण होऊन अंगावर घेतलं. चार दिवसांनी त्यांनी तो टेबलावर उलगडला. दोन्ही फ्लॅट रेघ न् रेघ आखलेले, अक्षर मोत्यासारखं, आणि मधल्या भिंतीवर लाल शाईने एक फुली. फुली सिस्टरांच्या झोपायच्या खोलीत होती.

"हे काय?" सिस्टर म्हणाल्या.

"दार," साहेब म्हणाले. "सगळी भिंत पाडता येत नाही, मध्ये कॉलम आहे. दाराएवढीच जागा फोडता येते. ती इथं."

"म्हणजे सगळ्यांनी माझ्या खोलीतून ये-जा करायची?"

"विहीणबाई, आता तुमची-आमची असं काही राहिलं आहे का? एकच घर ना?"

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा फुलीकडे पाहत होता. "आई, कॉलमच आहे म्हटल्यावर काय करणार," तो म्हणाला. "तुला तिथंच एका बाजूला पडदा लावून देतो ना."

पडदा हा शब्द त्याने उच्चारायला नको होता. भिंत फोडायचं संमतीपत्र त्याने पुढे सरकवलं होतं, ते सिस्टरांनी तसंच मागे सरकवलं आणि त्या उठून गेल्या. साहेबांनी आपली सही आधीच ठोकली होती. सही करायची म्हटली की तीन दिवस कागद उन्हात धरून वाचणारा हा माणूस, आणि या वेळी मिनिटात सही! तेवढ्यावरून सिस्टरांच्या मनात पाल चुकचुकली.

पुढचे पंधरा दिवस दोन्ही घरांत नुसती धुसफूस चालली. सून फोनवर हो-नाही एवढंच बोलायची. मुलगा यायचा, कागद टेबलावर ठेवायचा, कागद तसाच घेऊन जायचा. जिन्यात साहेब भेटले की म्हणायचे, "काय सिस्टर, पोरं रस्त्यावर येईपर्यंत थांबायचं ठरलंय का?" सिस्टर म्हणायच्या, "तुमच्या खोलीतून जाऊ द्या ना रस्ता, आत्ता सही करते." साहेब हात वर करायचे. "इंजिनियरचं काम आहे ते. त्यात आपण काय बोलणार?"

सोळाव्या दिवशी सिस्टर नकाशाची गुंडाळी काखेत मारून थेट इंजिनियर बाईंच्या ऑफिसात गेल्या. बाईंनी नकाशा पाहिला, मग कपाटातून स्वतःची वही काढली.

"एकच फुली कशी?" त्या म्हणाल्या. "मी दोन जागा सांगितल्या होत्या. कॉलमच्या पुढे एक, मागे एक. ही तुमच्या खोलीतली. दुसरी मागच्या बाजूची, तुमच्या स्वयंपाकघरातून त्यांच्या झोपायच्या खोलीत जाणारी. दोन्ही चालतात. साहेबांनी स्वतः लिहून घेतलं होतं की."

सिस्टरांनी वहीतल्या पानाची प्रत मागून घेतली. वाटेत त्यांना इतका आनंद झाला होता की घराचं वळण चुकून त्या पुढे गेल्या आणि पुन्हा मागे आल्या.

संध्याकाळी सगळ्यांना बोलावून त्यांनी ते पान साहेबांच्या नकाशाशेजारी ठेवलं. मग त्या चहा ओतत राहिल्या. सुनेने आधी पान पाहिलं, मग नकाशा, मग वडिलांकडे.

"बाबा, दुसरी फुली कुठं आहे?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "राहिली असेल."

"तुमच्याकडून?" सिस्टर म्हणाल्या. "पोपडासुद्धा मोजणाऱ्या माणसाकडून?"

"नाही राहिली!" साहेब एकदम ओरडले. "मी नाही काढली. मुद्दाम नाही काढली. काय करणार आहात? मलापण दार लावून बसायचंय. आयुष्यभर लोकांच्या बांधावर उभा राहून लोकांच्या शिव्या खाल्ल्या मी. माझी एक खोली आहे, ती मी रहदारीला देणार नाही."

साहेब जे बोलले ते सिस्टरांच्याच मनातलं होतं, शब्द न् शब्द, आणि ते त्यांना कळलं नाही असं नाही. त्या क्षणी त्या म्हणू शकल्या असत्या, की बसा जरा, काहीतरी मार्ग काढू. पण बावीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा असा रंगेहाथ सापडला होता. त्याला सोडायचं त्यांच्या जिवावर आलं.

"मग खोटं तरी लेकीच्या सासूला, मला सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "पोटच्या पोरीला कशाला सांगितलंत?"

घाव वर्मी बसला. सुनेचे डोळे भरून आले, आणि रागाने की लाजेने कोण जाणे, ती म्हणाली, "बाबा, दार तुमच्या खोलीतून होईल. विषय संपला."

साहेबांनी नकाशाची गुंडाळी केली आणि गेले. सिस्टरांनी त्याच रात्री सही केली.

काम महिनाभर चाललं. गवंड्यांनी मागची भिंत फोडली तेव्हा सिस्टर आपल्या खोलीत कडी लावून बसल्या होत्या. घणाचा प्रत्येक घाव त्यांना गोड लागत होता. साहेबांचं बाहेरचं दार विटांनी बुजवलं, कारण घर एक म्हटल्यावर दार एकच, आणि ते सिस्टरांचं ठरलं. हॉल आणि स्वयंपाकघर इकडचं. मुलगा-सून, नात यांच्या खोल्या, त्यांचं न्हाणीघर, गॅलरी, सगळं तिकडे. आणि या दोहोंच्या मध्ये साहेबांची खोली. पाणी प्यायला जायचं तरी साहेबांच्या खाटेला वळसा.

पहिल्या आठवड्यात साहेब भुतासारखे वागले. कुणी गेलं की तोंड भिंतीकडे. सिस्टर मुद्दाम दिवसातून चार वेळा गॅलरीत कपडे वाळत घालायला जायच्या आणि विचारायच्या, "झोप लागते ना?"

मग हळूहळू काहीतरी बदललं. मुलगा सकाळी बाहेर पडताना बूट घालायला साहेबांच्या खाटेवर टेकायला लागला. टेकला की दोन शब्द बोलायचा. जावई-सासरे आठ वर्षांत बोलले नसतील इतकं त्या बुटांच्या नाड्या बांधताना बोलले. सून स्वयंपाकघरातून खोलीकडे जाताना थांबायची, दिवसभराची कटकट ओतायची. लेकीने माफ केलं असं कुणी म्हटलं नाही, पण दिवसातून वीस वेळा समोरून जाणाऱ्या माणसावर किती दिवस रुसणार? आणि नात तर तिथेच पडीक. दप्तर तिथे, रंगपेट्या तिथे, पडलेला दात आधी आजोबांना दाखवायचा.

"धर्मशाळा झालीय नुसती माझ्या खोलीची," साहेब सगळ्यांना सांगायचे. तक्रार म्हणून सांगायचे, पण सिस्टरांना ती बढाईच ऐकू यायची. वर ते विचारायचे, "तुमच्याकडे कसं शांत असेल नाही, सिस्टर?"

शांत होतंच. दोन ते चार काय, दिवसभर शांत होतं. सिस्टरांच्या खोलीवरून कुणाला कुठे जायचंच नव्हतं. मुलगा दाराशी यायचा तो औषधं संपली का विचारायला, उंबऱ्याबाहेरूनच. नातीला सुनेने शिकवून ठेवलं होतं, आजीच्या दारावर टकटक करायची, हो म्हटलं तरच आत जायचं, आजीला शांतता लागते. दार वाजवून परवानगी मागायला सहा वर्षांच्या पोरीला वेळ कुठला? तिने येणंच सोडलं. सिस्टर खाटेवर बसून पलीकडचं हसणं ऐकायच्या. त्यांचा जळफळाट व्हायचा, आणि तो जळफळाट नाही, हे त्यांना दोन महिन्यांनी उमगलं. त्या एकट्या पडल्या होत्या.

एका दुपारी घरात दोघंच होते. सिस्टर साहेबांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. हातात वाळत घालायला एकही कपडा नव्हता.

"तुम्हाला दार लावून बसायचं होतं ना?" त्या म्हणाल्या. "घ्या माझी खोली. मी इथं येते."

साहेबांनी वर पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिले. बावीस वर्षांत विहीणबाईंनी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागतात कशा हे त्यांना डोळे भरून पाहायचं असावं.

"नको," ते म्हणाले.

"दया म्हणून नाही देत. तुमचीच इच्छा होती."

"होती. भरल्या टेबलावर बोलून दाखवली होती. त्या दिवशी दिली असतीत तर पाय धरले असते तुमचे." त्यांनी खाटेवरच्या नातीच्या वह्या एका बाजूला सारून नीट केल्या. "आता इथं माझं बरं चाललंय. जाताना तो पंखा तेवढा कमी करा."

सिस्टरांनी पंखा कमी केला. का केला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खोलीत परत आल्या आणि पहिल्यांदाच भर दुपारी त्यांनी दार सताड उघडं टाकलं. खाट ओढून दारासमोर आणली, म्हणजे हॉलमधून जाणाऱ्याला त्या दिसतील, आणि बसून राहिल्या.

चार वाजता नात शाळेतून आली. धावत हॉल ओलांडत होती, ती थबकली.

"आजी, तुझं दार उघडं राहिलंय."

"असू दे गं, मी मुद्दा—"

पण पोर शहाणी होती, तिला शिकवलेलं होतं. तिने दोन्ही हातांनी दार धरलं, आवाज होऊ नये म्हणून हळूच ओढलं आणि बाहेरून ओरडली, "लावलं हं आजी!" मग तिची पावलं स्वयंपाकघरातून पलीकडे पळाली.

सिस्टर बसल्या होत्या तिथेच बसून राहिल्या. कडी त्यांनी लावली नाही. लावायची गरजच नव्हती, येणार कोण होतं?