रातकिड्याची आई

महायुद्धाच्या त्या वर्षी आमच्या सेंट क्लेअर रस्त्यावर पडद्यांपेक्षा तारेच जास्त होते. ज्या घरचा मुलगा लढाईवर गेला त्या घराने खिडकीत पांढरं निशाण लावायचं आणि त्यावर निळा तारा. दोन मुलं गेली तर दोन तारे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमधल्या आम्हा स्लोव्हेन बायकांना त्याचं काय ते कौतुक! आणि ती निशाणं शिवायचे मी. पोलोना शिवणवाली कुठे राहते विचारलंत तर कुणीही घर दाखवलं असतं.

उर्शुलाच्या खिडकीत मात्र तारा नव्हता. तिचा एकुलता एक सिरिल चांगला धडधाकट, बेकरीत पिठाची पोती उचलणारा, पण भरतीच्या डॉक्टरांनी त्याला परत पाठवलं. डाव्या कानाचा पडदा फाटलाय म्हणे. कसा फाटला विचारलं की हा खाली मान घालून उभा. मग बायकांची तोंडं कोण धरणार?

"कानाचा पडदा!" शेजारची अल्बिना चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. "माझ्या पोराला, फ्रांत्सला, चष्म्याशिवाय दारातली गाय दिसत नाही, तरी गेला तो."

उर्शुला हे ऐकायची आणि घरी जाऊन सगळा राग पोरावर काढायची. तीही काही कमी नव्हती.

कान कसा फुटला ते मला ठाऊक होतं. शहरात ज्याच्या नावाचा तेव्हा एवढा गाजावाजा चालला होता तो रातकिडा म्हणजे आमचा सिरिल. तपकिरी पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, आणि अंधारात जिभेने काढलेला तो किर्र असा आवाज. तो ऐकला की गोदीवरचे गुंड पळत सुटायचे. आमच्या रस्त्यावरच्या खाटकापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना धमकावून लुटत होते मेले. आता कुणाची हिंमत होत नव्हती. त्यातल्याच एकाने लोखंडी सळईने सिरिलचा कान फोडला होता. हे तो डॉक्टरांना सांगणार कसं, सांगा बरं!

पोशाख फाटला की पिठाच्या पोत्यात कोंबून तो माझ्या मागच्या दाराने आणायचा. आईला वाटायचं, बेकरीत रात्रपाळी आहे.

"मावशी, आईला कळता कामा नये हं. काळजीने मरेल ती."

"आणि मी नाही का मरत काळजीने? माझं काळीज काय दगडाचं आहे?"

"तू शिव्या देतेस ना, मग तुझी काळजी निघून जाते," असं म्हणून हसायचा. इतका गोड पोरगा! चारचौघांत भित्रा म्हणवून घेत होता आणि एक शब्द उलट बोलत नव्हता. मला तर कितीदा वाटायचं की चर्चच्या घंटेपाशी चढावं आणि ओरडून सांगावं सगळं. पण शब्द दिला होता.

एका शुक्रवारी सकाळी तो लंगडत आला. मांडीला गोळी चाटून गेली होती. मी जखम बांधली, त्याला माझ्या नवऱ्याचे जुने कपडे घालून घरी पाठवलं आणि पोतं ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनवर त्या पोशाखाची विजार रफू करत बसले होते, तेवढ्यात उर्शुला आत आली. दार वाजवायची पद्धत आमच्या रस्त्यावर नव्हतीच. मी विजारीवर घाईघाईने पडद्याचं कापड टाकलं.

"पोलोना, मला एक तारा शिवून दे," ती म्हणाली.

"कुणासाठी?"

"सिरिलसाठी. बघतेस काय अशी? मिनेसोटात माझा भाऊ खाणीत आहे, त्याच्याकडे पाठवतेय ह्याला. सोमवारची गाडी. इथे सांगीन की नौदलात घेतलं."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आणि तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? जातो म्हणाला. नेहमीसारखी मान खाली!" तिचा आवाज चिरकला. "नऊ महिन्यांचा होता तेव्हा बाप गेला ह्याचा. हाडाची काडं करून वाढवला. आणि आता त्याचं तोंड बघवत नाही मला. आईला असं वाटावं का गं? पण वाटतं."

तिने डोळे पुसायला काही मिळतंय का म्हणून मशीनखालच्या रफूच्या टोपलीत हात घातला, आणि वर आला तो मोजा. रक्ताने कडक झालेला, करडा मोजा, चवड्याकडे तांबडा.

असे मोजे अख्ख्या क्लीव्हलंडमध्ये एकाच माणसाकडे होते. करडी लोकर तेव्हा शिपायांच्या मोज्यांसाठी राखायची असं आम्ही बायकांनी ठरवलं होतं. सिरिलचे मोजे विणताना करडी पुरेना, तेव्हा उर्शुलाने भर बायकांत म्हटलं होतं, "ह्याला कशाला हवी चांगली लोकर? लावते चिंधी." आणि जुन्या स्वेटरची तांबडी लोकर जोडली होती.

तिने मोज्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग सरळ उठली आणि मशीनवरचं कापड ओढलं. विजारीशेजारी मुखवटाही पडला होता.

अशी थोबाडीत बसली माझ्या, की कानात गुंई झालं.

"तू शिवत होतीस! माझ्या पोराला मरायला पाठवायला तू कपडे शिवत होतीस!"

"हो, शिवत होते. उघडा गेला असता का?"

ती मोजा मुठीत धरून खुर्चीत बसली.

"किती लागलंय?"

"मांडीला. भरून येईल."

"पोलोना, ह्या सगळ्या बायका रात्ररात्र जाग्या असतात गं. अल्बिना तर झोपेचं औषध घेते. आणि मी... मी घोरत होते गं. तो बाहेर मार खात होता आणि मी इथे ढाराढूर झोपत होते."

मी तिला जवळ घेतलं. दोघी खूप रडलो. मग ती उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "तारा नको. आणि मला कळलंय हे त्याला सांगायचं नाही. माझ्या काळजीने तो अंधारात चुकेल." गाडीचं तिकीट मात्र त्याच संध्याकाळी रद्द केलं. भाऊ आजारी आहे, नंतर बघू, असं काहीतरी त्याला सांगितलं.

रविवारी प्रार्थना संपली. सगळे पायऱ्यांवर. सिरिल कठड्याला धरून उतरत होता, लंगडणं लपवायचा प्रयत्न करत. अल्बिनाच्या हातात वर्तमानपत्र होतं.

"गंमत बघा," ती म्हणाली, "इथे छापलंय, गुरुवारी रात्री रातकिड्याच्या पायाला गोळी लागली. आणि आपला सिरिल शुक्रवारपासून लंगडतोय!"

ती बिचारी थट्टेतच म्हणाली. पण पायऱ्यांखाली दारूच्या दुकानाचा मालक उभा होता, आणि तो गोदीवरच्या गुंडांत ऊठबस करतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने मान वर केली.

आणि उर्शुला खदाखदा हसली.

"हा? हा रातकिडा? अगं बाई! दारू ढोसून तळघराच्या जिन्यावरून गडगडलाय हा! उंदीर दिसला की टेबलावर चढतो. कान फुटला म्हणून घरी बसलाय भित्रा, माझं नाव घालवलं ह्याने! असला पोर देवाने माझ्याच पदरात टाकायचा होता!"

लोक हसले. दारूवालाही हसला आणि निघून गेला. ती थांबेना. नाही नाही ते बोलली. सिरिलचा चेहरा पांढराफटक पडला होता. रोजचे टोमणे वेगळे, हे वेगळं. मला त्याच्याकडे बघवेना.

"आई, घरी चल," तो हळूच म्हणाला.

"चल! आणि एवढं तरी काम कर, माझी छत्री धर!"

लांब दांड्याची मजबूत छत्री तिने त्याच्या हातात कोंबली, दुखऱ्या पायाच्या उलट बाजूच्या. आभाळ तर निरभ्र होतं. सिरिलने छत्रीकडे पाहिलं, मग आईकडे. आई त्याच्याकडे बघत नव्हती.

त्याने छत्री जमिनीला टेकली आणि तिच्यावर भार टाकला. आणि उर्शुला, तोंडाचा पट्टा तसाच चालू ठेवून, पुढे चालू लागली, सावकाश, अगदी त्याला जमेल तेवढ्या सावकाश.