आणखी एक मिलिमीटर

“अरे, मग आणखी एक मिलिमीटर वाढव की! दोनदा वाढवलास तेव्हा काय हात झडले होते तुझे?” ताईने नावेच्या इंजिनाचा सिलिंडर बोअरिंग मशीनशेजारी आदळला.

धाकट्या भावाने उत्तराऐवजी खडू उचलला. त्याला सगळे सीसीभाऊ म्हणत. झिजलेला सिलिंडर कोरून मोठा केला, की नव्या मापाचा हिशेब खडूने फळीवर मांडायचा आणि गिऱ्हाइकाचं अभिनंदन करायचं, ही त्याची खोड. “बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या, निम्म्याचा वर्ग करा, त्याला पायने गुणा, मग पिस्टनच्या धावेने. ऐंशी मिलिमीटरला पाचशे त्रेपन्न सीसी होते, एक्याऐंशीला पाचशे सदुसष्ट झाले. इंजिन बाळसं धरतंय हो!” गिऱ्हाईक खूश. दुखणाइताला वजन वाढल्याचं सांगून घरी पाठवणारे डॉक्टर असतात, त्यातलाच हा.

ताईलाही त्याने दोन्ही वेळा हेच सांगितलं होतं. नवरा गेल्यापासून प्रवासी नेण्याची नाव ती एकटी चालवायची आणि धक्क्यावर इतरांना ऐकवायची, “माझं इंजिन वयाबरोबर वाढतं. तुमची नुसती म्हातारी होतात.”

आता ते ब्याऐंशीवर येऊन धापा टाकत होतं. भर नदीत दोनदा बंद पडलं होतं. पुन्हा बंद पडलं तर धक्क्यावरची तिची जागा दुसऱ्या नावेला जाणार होती.

“ताई, सीसी म्हणजे पिस्टन एका धावेत जेवढी जागा झाडून काढतो तेवढी. जागा वाढते, दम नाही. भिंत कोरून खोली मोठी केली, तर घर मजबूत होतं का?”

“हे मला आत्ता सांगतोस?”

त्याने फळीवरचा हिशेब तळव्याने पुसला.

“मग आतून नवी नळी बसव. लायनर का काय म्हणतोस ते.”

“त्यासाठी आणखीच कोरावं लागतं. तेवढी भिंत आहे कुठे?”

ताईने पिशवीतून तेलकट कागदात गुंडाळलेला पिस्टन काढला. “त्र्याऐंशीचा आहे. आपल्या कंपनीचा नाही, पण दुकानदार म्हणाला, बसेल.”

“म्हणायला त्याच्या बापाचं काय जातंय!”

“तू कोर. फुटलं तर माझं फुटेल.”

नाही म्हणायला जीभ लागते. ती त्याने आयुष्यभर अभिनंदनात झिजवली होती. त्याने सिलिंडर मशीनवर आवळला.

पातं हळूहळू उतरू लागलं. लोखंडाचा कीस पडत होता आणि ताई मान वाकवून आत बघत होती. अर्ध्याच्या खाली आवाज बदलला. त्याने मशीन थांबवलं. भिंतीला नखाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून, इंजिन थंड ठेवणाऱ्या पोकळीत साचलेलं गंजकं पाणी आत झिरपत होतं.

“बुजवता येईल?”

“नाही, ताई.”

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने पिस्टन उचलला, त्यावर उमटलेला आपल्या बोटांचा ठसा पदराने पुसला आणि कागद जुन्याच घड्यांवर नीट दुमडायला घेतला.

“वापरलेला नाही. दुकानदार परत घेईल ना रे?”

त्या दुकानात विकलेला माल परत घेत नाहीत, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

“घेईल की,” तो म्हणाला आणि पुडी बांधायला सुतळी शोधू लागला.